तुकडे काढलेला भात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुर्की हॉटेल निघालं, त्याचा मला राग नव्हता. लातूर सोडून मी नांदेडला मुलाकडं राहायला आले तेव्हापासून बघते, इथं सारखं काहीतरी नवीन निघतं. आधी केरळवाल्याचं दुकान आलं. त्याचे केळीचे वेफर्स चांगले असतात. मग परदेशी डब्यांचं दुकान आलं. नातीनं तिथून हिरव्या ऑलिव्हची बाटली आणली. खारवलेल्या बोरांसारखी चव लागली. बाटली मीच संपवली. नवं खायला मी भीत नाही. फक्त मटण, मासळी, अंडं खात नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग आहे, माहेरी आणि सासरी कुणी खाल्लं नाही, मीही खाल्लं नाही. त्याची फुशारकी मारली नाही आणि दुसऱ्याच्या ताटाकडं बघून नाकही मुरडलं नाही.

शेजारच्या आपाला हे पक्कं ठाऊक आहे. ईदेला ती शिजवलेला शीरखुर्मा मला धाडत नाही. शेवया, खारीक, चारोळी, साखर असं सगळं कच्चं धाडते आणि सांगते, "अक्का, तुमच्या भांड्यात करा." मी करते आणि त्यातलाच वाडगाभर तिला देऊन येते. माझ्या मुलाला मात्र तिच्या घरचं पाणी चालत नाही. तसं तो तोंडानं म्हणत नाही, पण कधीही गेला तरी दारातच उभा राहून बोलतो.

नातीला बँकेत नोकरी लागली. ती म्हणाली, जेवण तुर्की हॉटेलात आणि आपादादीही येणार. लहानपणी ती आपाच्याच घरात जास्त असायची, त्यामुळं मुलाला नाही म्हणता आलं नाही. मला म्हणाला, "माय, तिथं व्हेज वेगळं असतं. मी जाऊन सगळं विचारून आलोय." पोटचा मुलगा सांगतो म्हटल्यावर उलटतपासणी कोण करतं?

हॉटेलात रंगीत काचेचे दिवे टांगलेले होते. ताकाला त्यांनी काहीतरी वेगळंच नाव दिलं होतं, पण होतं ते आपलं खारं ताक. तीळ लावलेली फुगीर रोटी होती, भाजलेलं वांगं होतं. मग भात आला. मोकळा, तुपानं चमकणारा, बारीक शेवया परतून घातलेला. मी चार घास खाल्ले. खरं सांगते, चव चांगली होती. त्याचाच जास्त राग येतो.

समोर बसलेल्या आपानं त्याच भाताचा एक घास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. टेबलावरून हात लांबवून तिनं माझं मनगट धरलं. "अक्का, नक्को! ये चावल यखनी के हैं."

यखनी म्हणजे मटण उकळून काढलेलं पाणी. आपा घरी त्यातच पुलाव शिजवते. तिची जीभ चुकायची नाही.

मी मुलाकडं पाहिलं. तो पाण्याचा ग्लास फिरवत बसला होता.

"तुकडे नव्हते ना त्यात," तो म्हणाला. "मी वेटरला सांगितलं होतं, तुकडे काढून आण."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"साधा भात नव्हताच त्यांच्याकडं. पोरीचा दिवस, तू नुसती रोटी चावत बसली असतीस, बरं दिसलं असतं का?"

"मी रोटी चावली असती तर तुझं काय गेलं असतं रे?"

"आई, हळू बोला," सून म्हणाली, "लोक बघून राहिले."

बघू दे की! मी उठले, चूळ भरली आणि आपाबरोबर चालत घरी आले. नात तेवढी ताट सोडून मागून आली. त्या दोघांचं जेवण चालूच राहिलं.

घरी येऊन मी अंघोळ केली, पूजा केली. देवाचं आणि माझं तिथंच मिटलं. मुलाचं मिटलं नव्हतं. आपा मात्र माझ्याहून जास्त घाबरली होती. जिन्यात उभी राहून परत परत म्हणत होती, "अक्का, लोगां क्या बोलेंगे?" मी म्हटलं, "तुझा काय संबंध? तू तर हात धरलास."

पण तिचंच खरं निघालं. थोड्या दिवसांनी लातूरहून माझ्या नणंदेचा फोन आला. "वैनी, त्या शेजारणीनं तुम्हाला बाटवलं म्हणं? हॉटेलात तिनंच नेलं म्हणं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच लेकानं."

माझं डोकं फिरलं. भात चारला तो चारला, वर ते त्या बाईच्या माथ्यावर ढकललं! आणि हे लातुरात गेलं म्हणजे जवळच्या मुरुडपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत गेलं. मी मुलाला हाक मारली आणि फोन त्याच्यापुढं ठेवला.

"स्पीकर लाव. आत्याला खरं काय ते सांग."

"जाऊ दे ना माय. विषय निघाला, बोलून गेलो."

"बोलायला येतंय ना? मग बोल परत."

तो सुनेकडं बघू लागला. सून स्वयंपाकघरात गेली. शेवटी खाली बघून तो बोलला. हॉटेल पोरीनं ठरवलं, भात मी मागवला, कशात शिजलाय ते मला माहीत होतं, शेजारणीनं उलट हात धरला.

पलीकडून नणंद म्हणाली, "आन् मला कामून येडी बनवायलास रे शुंभा?"

फोन बंद झाल्यावर मला म्हणाला, "झालं समाधान?"

"माझं कुठलं? शेजारी जा. आणि दारातून नको बोलू, आत जा."

तो गेला. तिथं काय बोलला ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपा कढीपत्ता मागायला आली. "छोकरे कू इत्ता कायकू रगडे, अक्का? पसीना पसीना हो गया था उसका."

"तू गप गं," मी म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

अजूनही मुलगा काही आणून माझ्यापुढं ठेवतो तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसते. यात काय आहे, कशात शिजवलंय, कुणाला विचारलंस, हे सगळं त्याला बायकोपोरीसमोर सांगावं लागतं. सांगताना त्याचा आवाज चढतो. चढू दे. त्याचं सांगून पुरं होईस्तोवर मी घास उचलत नाही.