बुकित पंजांगचा रोपवाला

बुकित पंजांगमधल्या आमच्या इमारतीखाली एक म्हातारे चिनी अंकल रोपं आणि खत विकतात. प्रत्येक कुंडीची जाहिरात स्वतःच ओरडून करतात, "व्हेरी स्ट्राँग! कॅनॉट डाय लाह!"

आई गेल्यावर मी बाबांना साताऱ्याहून इथे परदेशात आणलं. ते दिवसभर खिडकीशी बसायचे, ताटातलं तसंच ठेवायचे. एका रविवारी बळेच खाली नेलं. मिरचीच्या रोपांपाशी ते थबकले. अंकल जाहिरात सुरू करणार, तोच बाबांचा चेहरा पाहून थांबले. त्यांनी पाण्याचा पाइप बाबांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "यू गो होम फर्स्ट."

दुपारी बाबा ओल्या पायजम्यानेच स्वयंपाकघरात आले.

"भूक लागलीय रे," ते म्हणाले. "काय केलंय?"