रविवारी चारच्या आत कांदा नाही

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कांदा परतत होते. रविवार होता, दुपारचे साडेतीन. सुरेश, माझा नवरा, हॉस्पिटलमधून बोलत होता. "शैला, ताई गेली," एवढंच म्हणाला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? खिडक्या उघडायला हव्यात, चार वाजत आले... अकरा वर्षांची सवय. कानात बातमी आणि हात खिडकीच्या कडीवर. दीड महिना झाला, अजून त्याची लाज वाटते आणि रागही येतो. राग अर्थात ताईंचाच.

सुधाताई ही सुरेशची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सगळी नोकरी मुंबईत एका चहाच्या दलालाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून केली. तिथले चहा चाखणारे साहेब उरलेले कप हिच्यापुढे सरकवायचे आणि हिचं नाक साहेबांच्या नाकाहून तिखट निघालं. हे अर्थात ताईंच्याच तोंडून ऐकलेलं. रिटायर झाल्यावर पनवेलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. तो फ्लॅट रिकामा झाल्याचं मीच त्यांना हौसेनं कळवलं होतं. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

पहिल्याच महिन्यात रविवारची पारख सुरू झाली, आमच्या डायनिंग टेबलावर, बरोबर चार वाजता. दार्जिलिंग, आसाम, निलगिरी, कधी कुणी आणून दिला तर कांगड्याचा किंवा श्रीलंकेचा. प्रत्येकाची पत्ती सारख्या वजनाची, पाणी नुकतं उकळलेलं, वर झाकण आणि पाच मिनिटं घड्याळ लावून. दूध नाही, साखर नाही. त्या दिवशी दुपारनंतर घरात फोडणी नाही, उदबत्ती नाही, सुरेशनं पावडर लावायची नाही. शेजारी बोंबील तळले तर मी जाऊन तोंड वाईट करून यायचं. मग ताई चमच्यानं चहा तोंडात अशा ओढायच्या की खालच्या मजल्यावर ऐकू जावं, गाल फुगवून घोळवायच्या आणि थुंकायच्या कशात, तर माझ्या दुधाच्या पातेल्यात. त्या बोलेपर्यंत बाकी कुणी ब्र काढायचा नाही.

त्यानंतर सगळ्यांनी आपलं मत वहीत लिहायचं. मी लिहायची, "चांगला आहे." ताई लाल पेनानं खोडायच्या. कशासारखा ते लिही, म्हणायच्या. अहो, चहा चहासारखाच लागणार ना? नेऱ्याहून कामाला येणाऱ्या ताराबाईलाही त्यांनी खुर्चीवर बसवलं. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आमी नाय पीत असलं कालं पानी." तरी बसली बिचारी, दर रविवारी. आणि माझा आलं घातलेला, दाट, उकळलेला चहा, ज्यासाठी लोक वाट वाकडी करून आमच्याकडे येतात, तो ताईंनी अकरा वर्षांत कधी पूर्ण प्यायला नाही. काढा म्हणायच्या त्याला. एकदा, फक्त एकदा यांना तोंडघशी पडलेलं बघायचंय, असं मला फार वाटायचं.

ती वेळ आली दोन वर्षांपूर्वी. ताई मोठ्या तापातून उठल्या होत्या. त्यांच्याकडे यायचं निलगिरीचं पाकीट आमच्याकडे आलं, ते मी घाईत कपाटात टाकलं आणि शेजारीच ताराबाईनं करंजाहून आणलेली सुकट होती. चहाची पत्ती कसलाही वास ओढून घेते, हे ताईंनी मला शंभरदा सांगितलं असेल. रविवारी झाकण काढलं. कपातून सरळ मासळी बाजार येत होता. सुरेशनं कप तोंडाशी नेला तो तसाच धरून ठेवला. ताराबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी टेबलाखाली तिचा पाय दाबला.

ताईंनी चहा ओढला, घोळवला, डोळे मिटले. "निलगिरी," म्हणाल्या. "एकदम निवळ. ह्यात दुसरं काही मिसळलेलं नाही."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि मी वहीत लिहिलं, निवळ. नंतर स्वयंपाकघरात ताराबाई हळूच म्हणाली, "वैनी, ताईना वास नाय येत." आलं होतं माझ्याही लक्षात. दुसरं काय होतं हो त्या बाईकडे, त्या नाकाशिवाय?

पुढच्या रविवारपासून नियम बदलला. "शैला, आज तू आधी बोल," ताई म्हणाल्या, जशी काही माझी परीक्षाच घेतायत. आणि मग दर वेळी तेच. मी म्हणायची तुरट, की त्या लगेच, "तुरट, पण कच्च्या पेरूसारखा नाही. जांभळासारखा." माझ्याच शब्दावर स्वार व्हायच्या आणि मान मिळवायच्या. मी चुकले तर त्याही चुकणार, त्यामुळे मला शिकावंच लागलं. साठीत, गुडघे दुखत असताना, मी आठवडाभर चोरून कप मांडून बसायची. जीव नकोसा केला होता.

हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हा आवाज खोल गेला होता. "त्या निलगिरीत काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"सुकट."

"वाटलंच. सुऱ्याचं तोंड बघितलं होतं मी." मग माझ्याकडे वळल्या. "माझं नाक गेलं म्हणून तुझी जीभ तयार झाली. नाहीतर तू कसली शिकतेस." थँक्यू म्हणायचं तेही असं. मी रागानं त्यांची चादर सारखी केली.

सुरेश अजून रविवारी टेबलाशी बसत नाही. मी आणि ताराबाई बसतो. मागच्या रविवारी आसामचा घोट घेतला आणि मी म्हटलं, "काकवी." मग सवयीनं ताईंच्या पुढच्या शब्दासाठी थांबले. काकवी, पण कसली? ताजी, की तळाला लागलेली? ताराबाईनं कप खाली ठेवला. तिनंच विचारलं, "वैनी, पुरचं कोन बोलनार?"

चहा गार होत चालला होता आणि मला ताईंचा भयंकर राग आला.