काचेच्या खोलीत वाळलेलं इंजिन

मालिनीला बघायला शामसुंदर आले ती एप्रिलमधली दुपार होती. बैठकीच्या खोलीत अकरा माणसं, एक कुरकुरणारा पंखा आणि पोह्यांची वाफ. "काही विचारायचं असेल तर संकोच नको," असं मालिनीचे वडील म्हणाले. मुलगा उठला, खुर्चीवर चढला, दारावरची झडप ढकलून उघडली, खाली उतरून समोरच्या खिडकीची खालची फळी उघडली आणि जागेवर बसून म्हणाला, "हं, आता बोला." दोन मिनिटांत खोलीतला कोंदटपणा गेला. मालिनीने होकार दिला. बाकी मुलगा तिने नीट पाहिलाच नव्हता.

शामसुंदरराव पंचवटीतले. घर यात्रेकरूंचे विधी करणारं, आणि तिन्ही भाऊ पुढे तेच करू लागले. ह्यांना मात्र लहानपणापासून मंत्रांपेक्षा होमाच्या धुराची काळजी. धूर बिचारा वर जायला बघतोय आणि माणसं त्याला कोंडून स्वतःच डोळे पुसत बसलीयत, हे त्यांना बघवेना. त्यांनी आयटीआय केलं आणि अंबडला एका कारखान्यात लागले. एकतीस वर्षं त्यांनी शेडमधली गरम हवा बाहेर काढली. छपराला झडप कुठे हवी, भिंतीला जाळी कुठे, हे ते उदबत्ती पेटवून ठरवत. धूर जिकडे ओढला जाईल ती हवेची वाट. खिशात पेनाशेजारी उदबत्तीचा पुडा कायम. एकदा नवीन आलेल्या साहेबाने लांबून पाहून विचारलं होतं, "हे गुरुजी रोज येतात का?"

निवृत्त झाले आणि पंचाईत झाली. घरात हवा होतीच. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दोन मजली घर, त्याच्या चौदा खिडक्या बारा महिने उघड्या. काढायला गरम हवाच उरली नव्हती. शामसुंदरराव शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या खिडक्या उघडू लागले. मालिनीला लाज वाटू लागली.

मग ते दोघं मुलीकडे, ओवीकडे, इंग्लंडला जाऊन आले. ओवीच्या घरामागे काचेची खोली होती. भिंती काचेच्या, छप्पर काचेचं, आणि छपराच्या टोकाला एक झडप. भिंतीवरचा दांडा फिरवला की झडप उघडायची. मालिनीने तिथे बागा पाहिल्या, राजवाडे पाहिले. शामसुंदररावांनी महिनाभर तो दांडा फिरवला.

परत आल्यावर त्यांनी आपल्या गच्चीवर तशीच खोली बांधायला काढली. ओवी फोनवर ओरडली, "बाबा, इथे लोक ऊन मिळावं म्हणून काचेत बसतात. तुम्हाला नाशकात ऊन कमी पडतंय का?"

"मला ऊन नकोय," शामसुंदरराव म्हणाले. "मला ते बाहेर काढायचंय."

मालिनी शेजारीच भाजी निवडत होती. औषध घरात पडून आहे म्हणून माणूस रोग विकत आणतोय, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण शेजाऱ्यांच्या खिडक्या तरी सुटतील, म्हणून तिने अडवलं नाही.

सातपूरच्या वाळू नावाच्या फॅब्रिकेटरने खोली उभी केली. वर दोन झडपा, खाली सहा झरोके, एक दांडा. आत चार कुंड्या, एक खुर्ची आणि भिंतीला तापमापक. शामसुंदरराव सकाळी सगळं बंद करून खोली अठ्ठेचाळीसपर्यंत तापू देत, मग उघडून चौतिसावर आणत आणि तृप्त होऊन जेवायला खाली येत.

या खोलीचा काही उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण तेजलचं फेब्रुवारीतलं लग्न ठरलं.

तेजल मालिनीच्या बहिणीची मुलगी. बहीण वारली तेव्हा तेजल नववीत होती, आणि तिच्या रुखवताचा शब्द मालिनीने तेव्हाच दिला होता. आता मुलगा मिळाला मनमाडचा. श्रेयस नाव, रेल्वेत नोकरी, वडील रेल्वेत, आजोबा रेल्वेत. श्रेयसची आई प्रतिभाताई बैठकीत सहज बोलल्यासारखं बोलून गेली, "आमच्या थोरल्या सुनेच्या रुखवतात पापडांचा किल्ला होता. बुरुजांसकट. तेजलला आई नाही, तर आमची काही अपेक्षा नाही हो."

मालिनीच्या मस्तकात तिडीक गेली. "कुरडयांचं इंजिन करू," ती म्हणाली. "डब्यांसकट."

तिथून निघेपर्यंत ते साडेचार फुटांचं ठरलं.

कुरडई म्हणजे तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक. तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून तारा पाडून उन्हात वाळवायचा. गच्चीवर उघड्यावर कावळे होते, शेजारच्या बांधकामाची धूळ होती. काचेच्या खोलीत यातलं काही नव्हतं. सोमवारी पहाटे मालिनी, समोरच्या संध्यावहिनी आणि वरच्या गल्लीतली शुभांगी, तिघी शेगडी आणि पातेली घेऊन वर चढल्या. लग्न रविवारी मनमाडला. पुठ्ठ्याचे आणि टोपल्यांचे साचे तयार होते. तेलाचा हात फिरवून त्यांच्यावर तारा पाडायला सुरुवात झाली.

"वरची झडप उघडतो," शामसुंदरराव दारातून म्हणाले. "एवढी वाफ आहे, तिला वाट..."

"वाऱ्याने तार तुटते, काका," शुभांगी म्हणाली.

"आणि चिकाला नजर लागते," संध्यावहिनी म्हणाल्या. "बाईमाणसाशिवाय कुणी थांबायचं नाही. शामभाऊ, तुम्ही खाली."

मालिनीने दांडा परकराच्या नाडीने बांधून टाकला. सहाही झरोक्यांत जुने टॉवेल कोंबले.

संध्याकाळपर्यंत इंजिन उभं राहिलं. बॉयलर, धुराडं, आठ चाकं, मागे तीन डबे. दुपारी खोलीत पन्नास अंश झाले होते आणि शुभांगीला दोनदा खाली नेऊन लिंबूपाणी पाजावं लागलं होतं, पण तिघी खूश होत्या. एवढ्या उष्म्यात माणूस वाळतो, कुरडई का नाही वाळणार?

मंगळवारी सकाळी मालिनीने दार उघडलं तर आत पाऊस पडत होता. काचा आतून दुधासारख्या पांढऱ्या, आणि छपरावरून थेंब टपटप खाली. धुराडं वाकून पहिल्या डब्यात डोकावत होतं. दोन चाकं जमिनीला चिकटली होती.

"छप्पर गळतंय," संध्यावहिनींनी निदान केलं.

बाहेर आकाश निरभ्र होतं. गेल्या चार महिन्यांत नाशकात थेंब पडला नव्हता. पण वर थेंब आहे म्हणजे छप्पर गळतंय, यात कुणाला शंका आली नाही. मालिनीलाही नाही. नवरा मध्ये बोलणार हे ओळखून तिने त्याला बुधवारी पहाटेच्या गाडीने मनमाडला पाठवलं, इंजिन ज्या टेबलावर ठेवायचं त्याचं माप घ्यायला.

नवरा गेल्यावर वाळू आला. छपरावर चढला, चार बादल्या पाणी ओतलं आणि आत येऊन वर बघत बसला.

"काकू, वरून तर थेंब येत नाय," तो म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"हे पण पाणीच हाय."

"मग?"

वाळूने डोकं खाजवलं. धंद्यात गिऱ्हाइकापुढे फार वेळ डोकं खाजवून चालत नाही. त्याने सिलिकॉनची बंदूक काढली आणि काचेचा प्रत्येक सांधा भरला. वरच्या दोन्ही झडपाही चहूबाजूंनी चिकटवून टाकल्या. "आता मुंगी जायाची नाय," म्हणाला. "लय फिट केलंय." बायकांनी नवं धुराडं आणि दोन चाकं पाडली. त्यासाठी पुन्हा चीक शिजला, पुन्हा वाफ.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! संध्याकाळी पाचला मालिनीने दार उघडलं तर नवं धुराडंही मान टाकून बसलं होतं आणि मधल्या डब्याला आंबूस वास यायला लागला होता. लग्नाआधी मध्ये तीनच दिवस होते. ती कुंडीच्या काठावर बसली. प्रतिभाताईचं "आमची काही अपेक्षा नाही हो" तिच्या कानात वाजत राहिलं. इंजिन नाही झालं तर तिला काही वाटायचं नाही, दोन दिवस तोंड लपवून तिसऱ्या दिवशी ती बाजारात जाईल. पण तेजलला त्या घरात जन्म काढायचा होता. आई असती तर झालं असतं, हे वाक्य तिथे कुणीही, कधीही, भाजीत मीठ कमी पडल्यावरसुद्धा काढू शकत होतं.

शामसुंदरराव परतले. वर जाऊन आले. चिकटवलेल्या झडपा पाहून ते तसेच जेवायला बसले. मग त्यांनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून उलटं धरलं. त्यावरून पाणी ओघळलं.

"हे झाकण गळकं आहे का?" त्यांनी विचारलं.

मालिनीने झाकणावरून बोट फिरवलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग वाळूला का बोलावलंस?"

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू दांडा नाडीने बांधलास, मला मनमाडला पाठवलंस. सांगू कधी?"

मालिनी भात वाढायची थांबली. चाळीस वर्षं तिने हा माणूस हवेबद्दल बोलताना ऐकला होता, आणि त्यातलं एक वाक्यही कानाच्या आत जाऊ दिलं नव्हतं. "म्हणजे ऊन कितीही असलं तरी..."

"ऊन ओल वर काढतं. घराबाहेर नाही काढत. बाहेर काढायला वाट लागते. खालून कोरडी हवा आत, वरून ओली बाहेर. नाहीतर ती दिवसा वर जाते, पहाटे गार काचेला चिकटते आणि पुन्हा तुझ्या इंजिनावर पडते."

"आणि धूळ? कावळे?"

"जुनं धोतर आहे ना माझं. झरोक्यांना ताणून बांधू. वर जाळी लावू."

गुरुवारी उजाडताना शामसुंदररावांनी ब्लेडने सिलिकॉन कापलं, दोन्ही झडपा अर्ध्या उघडल्या, खालचे टॉवेल काढून धोतराचे तुकडे लावले आणि वाट नीट लागलीय का ते बघायला उदबत्ती पेटवली. डोळे मिटून, गालाला वारा लागतोय का ते अजमावत, ते इंजिनाभोवती हळूहळू फिरू लागले.

त्याच वेळी संध्यावहिनी आणि शुभांगी वर आल्या. गुरुजींच्या घरातला माणूस, पहाटेची वेळ, डोळे मिटलेले, हातात उदबत्ती, ओठ हलतायत. ते खरं तर पावलं मोजत होते. संध्यावहिनींनी चपला दाराबाहेर काढल्या.

"नजर उतरवतायत," त्या कुजबुजल्या. शुभांगी धावत खाली गेली आणि नारळ घेऊन आली.

शामसुंदररावांनी डोळे उघडले. समोर दोन बायका हात जोडून उभ्या. "अहो, ही पूजा नाही! हवेची चाचणी आहे! गरम हवा हलकी असते, ती..."

मालिनी दारातून पुढे आली आणि तिने त्यांच्या पायावर पाय दिला.

"धूर ज्या वाटेने गेला ना," ती रात्री ऐकलेलं बायकांना सांगू लागली, "ती वाट दिवस मावळेपर्यंत बंद करायची नाही. दुपारी बारा ते तीन झडपा पूर्ण उघड्या आणि वरच्या काचेला बाहेरून चुन्याचं पाणी. दिवेलागणीला झडपा दोन बोटं ठेवायच्या. त्याहून कमी नाही, जास्त नाही. खालच्या धोतराला हात लावायचा नाही."

"सोवळ्यात बघायचं का?" शुभांगीने विचारलं.

"अंघोळ करून या म्हणजे झालं."

शामसुंदरराव लाल झाले. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यात फळ्यावर बाण काढून हे शिकवलं होतं, आणि कामगार त्यांची पाठ वळली की थंडी वाजते म्हणून झडपा बंद करत. या दोघींनी मात्र दोन दिवस एक मिनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. दुपारी बाराच्या ठोक्याला शुभांगी ओल्या केसांनी दांड्यापाशी हजर. दिवेलागणीला संध्यावहिनी झडपेच्या फटीत खरोखर दोन बोटं घालून बघत. मान टाकलेलं धुराडं आणि मधला आंबलेला डबा काढून टाकून दोन्ही नव्याने पाडले. आता चीक खाली स्वयंपाकघरात शिजवायचा आणि पातेलं वर आणायचं, एवढी सुधारणा मालिनीने स्वतःच्या डोक्याने केली. शुक्रवारी पहाटे काच कोरडी होती. तापमापक दुपारीही छत्तीसच्या वर गेला नाही. शनिवारी सकाळी मालिनीने बॉयलरवर टिचकी मारली तर टण्ण आवाज आला.

"मी नुसतं सांगितलं असतं तर?" शामसुंदररावांनी विचारलं.

"तर वाद घातला असता त्यांनी. तुम्ही बोललात की वाद घालावासाच वाटतो."

रविवारी मनमाडच्या कार्यालयात इंजिन टेबलावर चढलं. पांढरंशुभ्र, धुराडं ताठ, मागे तीन डबे. रेल्वेची सगळी मंडळी गोळा झाली. श्रेयसच्या आजोबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि चाकं दोन जास्त आहेत असं सांगितलं. तेजल नऊवारीत येऊन उभी राहिली, मावशीचा हात घट्ट धरून.

प्रतिभाताई आली. इंजिनाभोवती एक फेरी मारली.

"दिसतंय छान," ती म्हणाली. "पण फेब्रुवारीचं ऊन. आतून वाळलंय का?" आणि कुणी काही बोलायच्या आत तिने एक चाक कट्कन मोडलं आणि आचाऱ्याकडे दिलं. "तळा बघू. आमच्याकडे तळूनच बघतात. किल्ल्याचा बुरुजही मी तळला होता. तो तेलात नुसता बसून राहिला."

ओलसर कुरडई तेलात फुलत नाही, जळून कडक होते. मालिनीला हे माहीत होतं, तेजललाही. कढईपर्यंतचं अंतर वीस पावलं होतं आणि दोघी ती चालून गेल्या. आचाऱ्याने चाक सोडलं. क्षणभर ते तळाशी गेलं. मग फसफसत वर आलं आणि असं फुललं की झाऱ्यात मावेना.

प्रतिभाताईने तुकडा मोडून तोंडात टाकला. चावला. सगळं कार्यालय तिच्या जबड्याकडे बघत होतं.

"आईच्या हातची असते तशी आहे गं," ती तेजलला म्हणाली. "आणखी एक चाक आण."

एक चाक म्हणता आठ गेली. मग आजोबांनी धुराडं मागितलं, पोरांनी डबे ओढले, मनमाड जंक्शनचे दोन गार्ड पुठ्ठ्यावरून बॉयलर सोलू लागले. आचारी ओरडत होता की माझं तेल संपेल. फोटोवाला कॅमेरा घेऊन पोचला तेव्हा टेबलावर एक टोपली आणि चार पुठ्ठे उरले होते.

"मावशी, सहा दिवस लागले ना गं तुला," तेजल म्हणाली. तिच्या तोंडात कुरडई होती आणि ती हसत होती.

"बोलू नकोस, खा," मालिनी म्हणाली, आणि गर्दीत कोपर घालून कढईकडे निघाली. "अहो, सरका जरा! शेवटच्या डब्याला हात लावू नका, मी अजून चाखलेली नाही!"