पत्र्यावर फेकलेली दाढ

मी माझी चांगली दाढ उपटून घेतली आणि किडकी तोंडात ठेवली. हसा. मीपण हसते. आता हसायला कवळी आहे, पेल्यात काढून ठेवली की माझ्याशिवायच हसत बसते. पण त्या दिवशी दौंडच्या दवाखान्यात मी हसत नव्हते. तोंडावर पदर धरून बसले होते.

बसले होते म्हणजे खाली, फरशीवर. खुर्चीत थोरल्या काकी होत्या. मांडवगणच्या शिवारात ज्यांच्या उसात, कांद्यात मी खुरपायला जायचे, त्या बागायतदाराच्या घरातल्या मोठ्या बाई. त्यांची दाढ दुखत होती, माझीही दुखत होती. जीपमध्ये चढताना मला म्हणाल्या, "चल तू बी. पिशवी धरशील. आन् तुझी बी दाखवून टाक. कवाधरनं गाल धरून बसलीयास, खुरपं चालंना तुझं."

मला केवढं कौतुक वाटलं! काकींचा जीव आहे हो आपल्यावर. येडी कुठली.

डॉक्टरांनी काकींच्या हातात आरसा दिला. प्लॅस्टरचा जबडा उघडून समजावलं. कीड खोल गेलीय, पण दाढ वाचते. आतली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची, वर टोपी बसवायची. रूट कॅनल म्हणतात याला. तीन-चारदा यावं लागेल. "आपली दाढ ती आपली दाढ, काकी. काढणं सगळ्यात शेवटी." मी खालून ऐकत होते. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, पण हा धडा पाठ झाला.

मग माझी पाळी. कंपाउंडरनं खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं. काकी समोर बाकावर. आमच्यात थोरांपुढं बाईनं जबडा दाखवायचा नाही. जांभईसुद्धा पदराआड द्यायची. त्यात मिश्री लावून लावून माझं तोंड तव्याच्या बुडासारखं. डॉक्टर म्हणाले, "कुठली?" मी पदरावरूनच गालावर बोट ठेवलं. "तोंड उघड." उघडलं, बोटभर. तेवढ्या फटीत जी काळी दिसली ती त्यांनी धरली. मिश्रीनं सगळ्याच काळ्या होत्या.

मला आरसा नाही. जबडा नाही. इंजेक्शन मात्र नीट दिलं, खोटं कशाला बोलू. चूळ भरायला काकींना बेसिन होतं. मला कंपाउंडर म्हणाला, "बाहेर मोरीत थुंक."

घरी येईतो बधिरपणा उतरला. ठणका होता तिथंच होता. कापसात बांधून आणलेली दाढ सोडून बघितली. वर मिश्रीचा लेप, बाकी ठणठणीत. एक भोक नाही. लांब, पांढरी मुळं. याच दाढेनं मी उसाचं पेर फोडून लेकीला द्यायचे.

मग काय केलं सांगू? पत्र्यावर फेकली. दुधाचा दात पडला की पोरं फेकतात ना, तशी. लेकुरवाळी बाई, अन् पत्र्याकडं तोंड करून उभी. म्हटलं, न जाणो, उगवंल! दाढ खडखडत खाली आली, पायापाशी पडली. मी परत फेकली. परत आली. तेव्हा रडले. रडतानाही तोंडावर पदर होताच.

काकींना सांगितलं, भलतीच निघाली. काकी म्हणाल्या, "तुजंच चुकलं. तोंड उघडाया काय झालतं?" खरंच की. ज्यांच्यापुढं उघडायचं नाही, त्याच विचारत होत्या.

काकींची टोपी बसवायच्या दिवशी त्यांनी परत संगं नेलं. काम अडलं होतं ना. परत वर्तमानपत्र. डॉक्टरांनी पक्कड उचलली. "उघड."

मी पदर खाली सोडला. पार खांद्यावर. मी म्हणाले, "सायेब, काकींची वाचवली तशी माझी वाचती का?"

कंपाउंडर फिसकन हसला. डॉक्टरांनी बारका आरसा घालून पाहिलं. "वाचेल तशी..." म्हणाले, आणि काकींकडं बघितलं. दाढ माझी. विचारायचं काकींना.

काकी म्हणाल्या, "काढून टाका. हिला कशाला पायजेत ती थेरं? भाकरी कुस्करून खाईल."

"न्हाई काढायची," मी म्हणाले.

पक्कड ओठाला टेकली होती. मी तोंड मिटलं. दातावर दात दाबून मिटलं. कपाळात कळ गेली. तशीच उठले. वर्तमानपत्राची घडी घातली आणि कंपाउंडरच्या हातात दिली. जीप मला न घेता गेली. मी एसटीनं आले.

दाढ वाचली नाही. कोण वाचवणार होतं? गाल सुजला, पू झाला, शेवटी ती गेलीच. मग शेजारची. मग समोरची. पस्तिशीत गाल आत बसले. लेक ऊस घेऊन आली की मी म्हणायचे, बापाकडं जा. ती जायची. पण दर वेळी आधी माझ्याकडंच आणायची. ते अजून आठवतं, आणि तेव्हा कवळीसुद्धा हसत नाही.

आता लेकीची लेक रांजणगावला कंपनीत आहे, कारेगावात खोली करून राहते. तिची दाढ ठणकली तेव्हा शिरूरला तिच्यासंगं मीच गेले. वाटेत बजावलं. दाढेचा फोटो काढलाय का, विचार. नुसतं सिमेंट भरून भागतं का, विचार. नस काढून वाचती का, विचार. हिरडीतनं रक्त येतंय ते कशानं, तेबी विचार. आणि काढायचीच असली तर 'काढा' हा शब्द तुझ्या तोंडून निघाला पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

वस्तीवरची कुठलीही बाई दवाखान्यात निघाली की मी संगं असते. तिचा पदर मी खाली ओढते. डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. माझे पाय चालतात तोवर आमच्यातल्या एकाही बाईची दाढ तिला न विचारता निघणार नाही. दाढच काय, काहीच.

बाईनं विचारलं की एवढं भय कुणाला वाटतं, हे मला काकींनीच शिकवलं. एसटीनं आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी खुरपं घेऊन बांधावर गेले. काकींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. बाकीच्या बायका माना खाली घालून खुरपत होत्या. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात काकी म्हणाल्या,

"काल डाक्टरला इचारलंस. उद्या आमाला इचारशील. जा घरी."