असमाधानी, रोल नंबर सव्वीस

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा लॉकडाउन लागला. नांदेडच्या आमच्या कॉलेजने हॉस्टेल रिकामं करून सगळ्या मुलींना घरी पाठवलं. माझं गाव जळकोट तालुक्यातलं. घरात फोनपुरतीच रेंज. क्लाससाठी शाळेच्या गच्चीवर जाऊन बसावं लागायचं. मॅडम स्लाइड वाचायच्या. शीर कशी शोधायची, कातडी कशी ताणून धरायची, सुई किती तिरपी घालायची. मी वहीत हाताचं चित्र काढून त्यावर शिरा रंगवायची. कितीतरी महिने असेच गेले.

मग एक फॉर्म आला. ‘ऑनलाइन शिक्षणाबाबत विद्यार्थिनींचे समाधान’. कॉलेजची तपासणी जवळ आली होती. ग्रुपवर मॅडमचा मेसेज पडला : सर्वांनी ‘पूर्ण समाधानी’ निवडावे, नाव व रोल नंबर अनिवार्य. तासाभरात सगळ्या मुलींनी भरला. मी ‘अजिबात समाधानी नाही’ निवडलं. खाली सूचनांची रिकामी चौकट होती, तिथं लिहिलं, ‘मी अजून एकाही माणसाला सुई टोचलेली नाही. थोड्या दिवसांनी लोक मला सिस्टर म्हणतील. समाधान कशाचं मानू?’

संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

“सव्वीस नंबर तूच ना? फॉर्म दुरुस्त कर.”

“मॅडम, त्यात चुकीचं काय आहे?”

“सगळ्याच मुलींची हीच परिस्थिती आहे.”

“मग सगळ्यांनी तेच लिहायला पाहिजे होतं.”

त्यांनी फोन ठेवला. जवळच बसलेले बाबा म्हणाले, “भरून टाक की. एका टिकनं काय बिघडतंय? उगं लई शहाणपणा करायलीस.” हॉस्टेलमधल्या माझ्या रूमपार्टनरला फोनवर सांगितलं, तर ती चिडलीच. “तुझ्यामुळं आम्ही सगळ्या खोट्या पडलो,” म्हणाली आणि बोलणंच बंद केलं. मला वाईट वाटलं, पण फॉर्म बदलला नाही.

मात्र नुसतं नाही म्हणून हात शिकणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅडमना मीच फोन केला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काम करायला कॉलेजचं पत्र मागितलं. “आधी फॉर्म,” त्या म्हणाल्या. मी पत्राचा नाद सोडला आणि बाबांच्या मोटारसायकलवर बसून थेट दवाखाना गाठला. नेलं बाबांनीच.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “पत्र कुठंय?”

“नाही मिळालं. नुसतं बघते, सर. सिस्टर सांगतील तेवढंच करते.”

डॉक्टर नाही म्हणणार होते. तेवढ्यात तिथली वयस्क सिस्टर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या साहेब. माझ्या नजरंखाली ऱ्हाईल. हात कुठं हायत आपल्याकडं?”

पंधरा दिवस मी बीपी घेतलं, चादरी बदलल्या, नोंदी केल्या. मग एका सकाळी सिस्टरने सलाइनची सुई माझ्या हातात दिली. समोर एक म्हातारी आजी होती. मी तिचा हात धरून शीर चाचपत बसले.

“टोच की गं,” आजी म्हणाली, “किती येळ बघायलीस?”

पहिली सुई चुकली. कातडीखाली टेंगूळ आलं. माझे डोळे भरले. आजीने दुसरा हात पुढे केला. त्या हातात सुई बरोबर गेली. कुठल्याच स्लाइडवर मला ते कळलं नव्हतं, सुई शिरेत गेल्यावर बोटाला जाणवतं ते.

कॉलेज उघडलं तेव्हा सूचनाफलकावर अहवाल लागला होता : सर्व विद्यार्थिनी समाधानी. माझं उत्तर त्यात नव्हतंच. मी तिथंच उभी राहून सगळ्या वर्गासाठी जादा वॉर्ड ड्युटीचा अर्ज लिहिला. सहा आठवडे मागितले. सही कोण करणार, असं वाटत होतं. पहिल्याच दिवशी वॉर्डात गेलेल्या मुली एकही सुई न टोचता परत आल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या वर्गाने सह्या केल्या.

मॅडमनी अर्ज हातात घेऊन विचारलं, “यात पहिली सही कुणाची?”

माझी तीच अबोला धरलेली रूमपार्टनर उठली. “गोल करून सह्या केल्यात, मॅडम. पहिली कुणाचीच नाही.”

मॅडमनी कागद गोल फिरवून बघितला. मग तिला म्हणाल्या, “बस.”

सहा आठवडे मागितले होते, चार मिळाले. उरलेल्या दोन आठवड्यांसाठी आम्ही दुसरा अर्ज दिला.