अहो, मी आहे

बाबा अतिदक्षता विभागात बेशुद्ध होते. आई रोज भेटीच्या वेळेला त्यांच्या पलंगाशेजारी उभी राहायची, पण हात लावायची नाही. इतक्या नळ्या, एखादी निसटली तर, अशी तिला धास्ती. आम्ही भावंडं डॉक्टरांशी बाबांबद्दल बोलायचो, बाबांशी कुणीच बोलत नव्हतं. माणूस समोर असतानाच आपण त्याला ‘ते’ करून टाकतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

एका सकाळी सिस्टर त्यांचं अंग पुसायला आल्या. बाबांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “काका, तोंड पुसते हं. पाणी कोमट आहे.”

आईनं विचारलं, “त्यांना ऐकू येतं का हो?”

“नक्की नाही सांगता येत, काकू. पण न सांगता कुणाच्या अंगाला हात कसा लावायचा?”

मग त्यांनी ओला रुमाल आईच्या हातात दिला. “या, तुम्ही पुसा. नळ्या मी धरते.”

आई पुढे झाली. बाबांच्या कपाळावरून रुमाल फिरवत म्हणाली, “अहो, मी आहे. दाढी किती वाढलीय तुमची!” आणि मग ती बोलतच राहिली. घरचं, शेजारचं, मधेच थोडं रागावूनही. सिस्टर नळ्या धरून शांतपणे उभ्या होत्या.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्याच आठवड्यात ते गेले.

भेटायला आलेल्या आत्यानं विचारलं, “वहिनी, शेवटचं काही बोलणं तरी झालं का गं?”

“झालं की,” आई म्हणाली. “सगळं बोलले मी.”