अक्काच्या मांडीवर

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. त्या काळात अडीच वर्षे मी देवापुढे उभी राहिले नाही. देवावर रुसले होते असे नाही. मला त्याच्यापुढे जायची लाज वाटत होती. कारण चारचौघांत सांगण्यासारखे नाही, पण आता वय झाले, अवघड असे काही उरले नाही.

माझा मुलगा जन्मला आणि दोनच दिवसांत त्याचे पोट टम्म फुगले. शी होईना, अंगावरचे दूध टिकेना. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितले. तिथे कळले की त्याच्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला जन्मतःच संवेदना नाही, म्हणून मळ पुढे सरकत नाही. असा आजार क्वचितच एखाद्या मुलाला होतो म्हणाले. त्याच्या पोटावर छेद घेऊन आतड्याचे तोंड बाहेर काढले. मूल थोडे मोठे झाले की खराब भाग कापून आतडे खाली जोडायचे आणि ते भरून आले की पोटावरचे तोंड मिटवायचे, असे ठरले. म्हणजे एवढ्याशा जिवाचे पोट तीनदा उघडायचे. त्याचे वडील लष्करात, दूर सरहद्दीवर. दवाखान्याच्या खेपा मी आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, केल्या.

घरी माझा सारा दिवस फडकी बदलण्यात जायचा. जुनी धोतरे फाडून त्याच्या पोटावर बांधायची, भरली की धुवायची, वाळली की पुन्हा बांधायची. आमच्या शेतकरी घरात फार सोवळेओवळे कधी नव्हते, पण आंघोळ करून स्वच्छ लुगड्याने देवाला शिवायचे, एवढे होतेच. मी आंघोळ करून देवघरात पोचायच्या आत पोर भरायचे. चंपाषष्ठीला घरात खंडोबाची तळी उचलत, येळकोट होई आणि मी पोराला घेऊन गोठ्यापाशी बसे. मला बाहेर बस असे कोणी म्हटले नव्हते. उलट मामंजीच म्हणायचे, आत ये की पोरी. माझाच पाय उचलत नसे. आणि जितकी लांब राहिले तितकी आतून भीती वाढत गेली. ज्याच्याकडे मागायचे त्याच्या दारातच जायचे नाही, तर हे पोर जगणार कोणाच्या भरवशावर?

तिसऱ्या ऑपरेशनला आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. पोटावरचे तोंड मिटवले. आता खालची वाट सुरू होते का, एवढेच बघायचे होते. डॉक्टर म्हणाले, वारा सरला, शी झाली की मूल तुमचे. तोवर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. नाकात नळी. "आये, पानी," असे तो सारखा म्हणायचा आणि मी ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसायचे. दुसऱ्यांच्या हातातल्या पेल्याकडे तो बोट दाखवायचा. पुढे पुढे त्याने मागणेच सोडले. मागत होता तेव्हा बरे होते, असे मला वाटायला लागले.

शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, चुलीवर हात भाजलेली. तिच्याजवळ तिची आजी असायची. जत तालुक्यातली धनगर बाई. नातीशी अर्धे कानडीत बोलायची. सगळा वॉर्ड तिला अक्का म्हणे. कपाळभर भंडारा, हिरवे लुगडे, त्याला मेंढरांचा वास. वासाच्या बाबतीत बोलायला अर्थात मला तोंड नव्हते. संध्याकाळी बायका हात जोडून बसत तेव्हा मी पाठ करून बसते, हे तिने हेरले आणि कारण विचारले. मी सांगून टाकले. ती हसली नाही की हळहळली नाही.

"आमचा देव मेंढरांसंगं हिंडतोय, पोरी," ती म्हणाली. "घोड्यावर पाटीत बसतोय, खाली समद्या लेंड्या. त्येनं कवा नाक मुरडलं न्हाई."

मी मनात म्हटले, तुमचा नसेल मुरडत, आमचा कडक आहे.

तीन-चार दिवस गेले. शी नाही, वारा नाही. पोट पुन्हा ताठले. सकाळी डॉक्टरांनी पोटावर बोटे वाजवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. उद्यापर्यंत काही झाले नाही तर पुन्हा उघडावे लागेल, म्हणाले, पण अंगात ताकद कितपत... आणि वाक्य तिथेच सोडून ते पुढच्या खाटेकडे गेले. मामंजी भिंतीला टेकून खालीच बसले.

दुपारी मामंजी औषध आणायला गेले होते, पोराचा डोळा लागला. अक्काला लक्ष ठेवायला सांगून मी दवाखान्यामागच्या छोट्या देवळाकडे गेले. अडीच वर्षांत पहिल्यांदा. पायरीवर पाय ठेवणार तोच पदरावर लक्ष गेले. जखमेचा पिवळा डाग तिथे वाळला होता. मी पाय मागे घेतला. नवस बोलावा तर शब्द सुचेना. शेवटी एवढेच म्हटले, "मला काय तुझ्या दारात येता येत न्हाई. पोर तुझं हाय, तूच बघ." आणि दर्शन न घेता परतले. येताना रडूही आले नाही. ओझे खाली ठेवल्यावर हात नुसते रिकामे वाटतात, तसे झाले होते.

वॉर्डच्या दारातून पाहिले तर अक्का माझ्या खाटेवर पोराला मांडीवर घेऊन बसलेली. पलीकडे नात हाका मारत होती, तरी ती जागची हलत नव्हती. पोराचे डोळे मिटलेले. तिचे ते गप्प बसणे पाहून मी दारातच थांबले. मला वाटले, संपले.

"ये, भिऊ नगंस," ती हळूच म्हणाली. "जागा हून रडाय लागला, तवा शिष्टरबाईंनी घ्या म्हनलं. म्या मुद्दाम हालले न्हाई. म्हनलं, आदी आईनं बघावं."

तिने चादरीचा कोपरा उचलला. हिरवे लुगडे भरले होते, खाटेपर्यंत ओघळ आला होता. देवाने माणसाला दिलेल्या वाटेने माझ्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा मोकळी शी झाली होती.

मी खाली वाकले आणि तिच्या मांडीवर डोके टेकले.

"आगं, भरशील की," अक्का म्हणाली.

"भरूंदे," मी म्हटले.

संध्याकाळी डॉक्टरांनी पोट तपासले आणि चमचाभर पाणी पाजायला सांगितले. मामंजींनी ते स्वतःच्या हाताने पाजले. लुगडे मी धुते म्हटले तर अक्काने हात लावू दिला नाही. दोन दिवसांनी नातीला घेऊन ती गेली. तिचे गाव विचारायचे राहिले.

त्या दिवशी जे झाले ते डॉक्टरांच्या हातांनी झाले की वेळ आली म्हणून झाले, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. डॉक्टरांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पण देवाचे नाव घेतले की माझ्या डोळ्यांपुढे गाभारा येत नाही. मी ज्याच्या पायरीवरून माघारी फिरले, तो माझ्या पोराची घाण मांडीवर घेऊन, न हलता, माझी वाट बघत बसला होता.